कोरस पेडल घरी भरदार, मंचावर फिके: असे का होते आणि काय करावे

चाळीसगावहून तुम्ही विचारले आहे, ते थोडक्यात असे: घरी हेडफोन लावून मल्टिइफेक्टमधला (अनेक इफेक्ट एकाच यंत्रात देणाऱ्या पेडलमधला) कोरस, म्हणजे एकाच गिटारच्या दोन झाल्याचा भास देणारा इफेक्ट, ऐकला की गिटार भरदार वाटते, पण ऑर्केस्ट्रात वाजवताना तीच गिटार मागे जाते. ग्रुपमधले ज्येष्ठ वादक सांगतात की कोरस हा ऐंशीच्या दशकातला शिळा प्रकार आहे, तो काढून टाक. तर तुमच्या बरोबरीचा दुसरा गिटारवादक म्हणतो की कोरसशिवाय क्लीन टोन (न फाटलेला स्वच्छ आवाज) अगदी कोरडा लागतो. मग स्वतंत्र कोरस पेडल घ्यावे, की तेच पैसे डिलेत, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलमध्ये, घालावेत?

जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, लग्नातली हळद, गणेशोत्सव, कानबाईचा उत्सव आणि चर्चमधली उपासना अशा सगळ्या ठिकाणी मी बरीच वर्षे गिटार वाजवत आलो आहे, आणि हा वाद जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजूंचे वादक खरे तेच सांगतात, फक्त प्रत्येकाने कोरस वेगळ्या जागी आणि वेगळ्या यंत्रणेतून ऐकलेला असतो. त्यामुळे कोरस चांगला की वाईट याचा निकाल घरी लागत नाही. तो मंडपात, सगळी वाद्ये चालू असताना आणि श्रोत्यांच्या जागेवर उभे राहूनच लावावा लागतो. हे का, ते समजण्यासाठी पेडलच्या आत काय घडते ते पाहू.

गिटारचा आवाज पेडलमध्ये शिरला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग जसाच्या तसा पुढे जातो. दुसरा भाग साधारण १० ते ३० मिलिसेकंद उशिराने सोडला जातो, आणि हा उशीर स्थिर न राहता एका संथ लहरीप्रमाणे सतत थोडा कमी-जास्त होत राहतो. उशीर वाढत असताना त्या भागाचा स्वर किंचित उतरतो आणि कमी होत असताना किंचित चढतो. हे दोन भाग एकत्र आले की एकच स्वर दोघांनी लावल्याचा भास होतो. भजनी मंडळात दहा जण एकच अभंग एकाच सुरात गातात, तरी कोणाचेही दोन गळे तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यामुळेच तो आवाज रुंद लागतो, तसाच हा परिणाम आहे. मूळ भाग काढून टाकून फक्त दुसराच ऐकवला, तर त्याला व्हायब्रेटो म्हणतात. आणि उशीर अगदी थोडा, साधारण १ ते १० मिलिसेकंद ठेवून बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत फिरवला, तर तो फ्लँजर होतो. तिन्ही एकाच घराण्यातले आहेत, म्हणून कानाला त्यांची गल्लत होते.

आता रेट आणि डेप्थ या दोन नॉबांकडे वळू, कारण कोरसची बहुतेक बदनामी या दोघांच्या चुकीच्या जोडीमुळे झालेली आहे. रेट म्हणजे ती लहर सेकंदाला किती वेळा येते, आणि डेप्थ म्हणजे उशीर किती कमी-जास्त होतो. समजा, उशीर मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना २ मिलिसेकंद हलतो आहे आणि रेट अर्धा हर्ट्झ आहे, म्हणजे एक पूर्ण लहर दोन सेकंदांत होते. अशा वेळी स्वर जास्तीत जास्त ११ सेंटच्या आसपास सरकतो. लगतच्या दोन स्वरांमध्ये, म्हणजे गिटारच्या एका पडद्याच्या अंतरात, १०० सेंट असतात. तेव्हा ११ सेंट म्हणजे एका पडद्याचा नववा हिस्सा, जो कानाला गोड लागतो. आता डेप्थला हात न लावता फक्त रेट २ हर्ट्झ केला, तर तोच स्वर जवळजवळ ४४ सेंट सरकू लागतो. ही जवळपास अर्ध्या पडद्याची बेसूर हालचाल झाली, आणि तीही सेकंदाला दोनदा. दुकानात नवे पेडल हाताशी आले की दोन्ही नॉब घड्याळातल्या बारा वाजताच्या जागी, म्हणजे मधोमध, ठेवून ऐकण्याची पद्धत आहे, आणि ऐकणाऱ्याचे मत तिथेच बिघडते. नियम एवढाच लक्षात ठेवावा की रेट वाढवला की डेप्थ त्याच प्रमाणात खाली आणायची. डेप्थ जास्त हवी असेल, तर रेट इतका संथ ठेवायचा की हालचाल मोजता येऊ नये.

ज्येष्ठ वादक ज्याला ऐंशीच्या दशकाचा आवाज म्हणतात, त्याची सुरुवात थोडी आधीची आहे. रोलँड कंपनीचा जेसी-१२० हा अँप्लिफायर १९७५ साली आला. त्यात ६० वॉटचे दोन स्वतंत्र अँप आणि १२ इंची दोन स्पीकर होते. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ आवाज निघे, दुसऱ्यातून स्वर हलवलेला आवाज निघे, आणि दोन्ही आवाज समोरच्या हवेत एकत्र येत. त्यातलाच परिपथ वेगळा काढून १९७६ मध्ये रोलँडच्याच बॉस या पेडलांच्या ब्रँडने सीई-१ हे मोठे, घरगुती विजेवर चालणारे पेडल बाजारात आणले आणि १९७९ मध्ये सीई-२ हे छोटे पेडल आणले, ज्यावर रेट आणि डेप्थ एवढे दोनच नॉब होते. आजही बाजारातली असंख्य पेडले सीई-२ समोर ठेवूनच बनवलेली असतात.

या इतिहासातली एक गोष्ट मंचावर फार कामाची आहे. जेसी-१२० मधला कोरस हवेत तयार होत असल्यामुळे त्याच्या एकाच स्पीकरसमोर माइक लावला, तर मिक्सरमध्ये एक तर नुसता कोरडा आवाज जातो किंवा नुसता डोलणारा व्हायब्रेटो जातो. मोठ्या हॉलमध्ये भाड्याने आलेला असा अँप समोर दिसला, तर साउंडवाल्याला दोन माइक लावायला सांगावे. दुसरा चॅनेल मिळत नसेल, तर अँपचा कोरस बंद ठेवून स्वतःचे पेडल वापरावे. अँपजवळ उभ्या असलेल्या वादकाला सगळे छान ऐकू येत असते, आणि समोरच्या रांगेत बसलेल्यांना मात्र गिटार सुराबाहेर वाटत असते.

तुमच्या मूळ अडचणीचे उत्तरही इथेच आहे. हेडफोनमध्ये तुमचे मल्टिइफेक्ट डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळी हालचाल देते, आणि दोन कानांतल्या या फरकामुळे गिटार रुंद वाटते. मंडपात डावीकडे आणि उजवीकडे टॉप-बेसचे ढीग लावलेले असले, तरी आपल्याकडे बहुतेक साउंडवाले मिक्सर मोनोच, म्हणजे सगळ्या स्पीकरना एकच आवाज देऊन, चालवतात, आणि ते योग्यच आहे. कारण उजव्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्याला डावा ढीग ऐकूच येत नाही. मग तुमच्या पेडलच्या दोन्ही बाजू एकाच वाटेने बाहेर पडतात. मूळ आवाज आणि उशिराचा आवाज एकाच तारेत मिसळला की काही कंपनसंख्या एकमेकांना छेद देऊन नाहीशा होतात. उशीर १० मिलिसेकंद असेल आणि दोन्ही भाग सारख्या जोराचे असतील, तर ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा ओळीने खाचा पडत जातात आणि लहरीबरोबर त्या खाली-वर सरकतात. गिटारचा अंगभूत आवाज याच पट्ट्यात असतो. त्यामुळे स्वराची धार, म्हणजे पिक तारेवर लागल्याचा तो पहिला ठोका, बोथट होतो, आणि ऑक्टापॅड, ढोलक, बेस व कीबोर्ड यांच्या गर्दीत कानाला गिटारची जागा सापडत नाही. स्टिरिओ पेडलांच्या काही प्रकारांत तर एका बाजूचा उशिराचा आवाज उलट्या फेजमध्ये, म्हणजे लहर उलटी करून, दिलेला असतो. अशा दोन्ही बाजू मोनोत एकत्र केल्या की कोरस जवळजवळ गायबच होतो, आणि वादकाला वाटते की जॅक खराब झाला.

म्हणून मंचावर वाजवायचे असेल, तर पेडलचा किंवा मल्टिइफेक्टचा फक्त मोनो आउटपुट घ्यावा आणि घरी सराव करतानाही तोच एका साध्या स्पीकरवर ऐकावा. इफेक्ट लेव्हलचा नॉब असेल, तर तो निम्म्याच्या खाली ठेवावा. उशिराचा भाग मूळ आवाजापेक्षा हलका असला की खाचा उथळ राहतात आणि धार टिकते. दोनच नॉबांचे पेडल असेल, तर रेट नऊ वाजताच्या आसपास आणि डेप्थ दहा-अकराच्या पुढे नाही, इथून सुरुवात करावी. साउंडचेकच्या वेळी कोणाला तरी मोबाइल घेऊन मंचापासून चाळीस-पन्नास फुटांवर, एका बाजूला उभे करावे आणि सगळा ग्रुप वाजत असताना तेच आठ मात्रांचे आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणे) एकदा कोरस लावून व एकदा काढून रेकॉर्ड करून घ्यावे. एक काळजी मात्र घ्यावी: पेडल चालू केल्यावर आवाजाची पातळी वाढत असेल, तर ती आधी सारखी करावी, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. या एका रेकॉर्डिंगने ग्रुपमधली वर्षांची चर्चा संपल्याचे मी पाहिले आहे.

आपल्या ऑर्केस्ट्राची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. कीबोर्डवाल्याचे स्ट्रिंग आणि पॅड हे आवाज मुळातच कोरस लावून बनवलेले असतात. त्यांच्यावर पुन्हा कोरसची गिटार ठेवली, तर दोन डोलणारे आवाज एकमेकांत विरघळतात. त्या ठिकाणी गिटार कोरडी ठेवली तर ती सहज वर येते. हार्मोनियम साथीला असेल, तर आणखी जपावे लागते. दुहेरी सुरांच्या पेटीत एका पट्टीला दोन रीड वाजतात, त्यांच्यात मुळातच सूक्ष्म फरक असतो आणि त्यातून हलकी थरथर निर्माण होते. तिच्यावर तुमच्या पेडलची वेगळ्या गतीची थरथर आली की सूर गढूळ होतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गायकाचे. गायिका अंतऱ्याचा पहिला स्वर गिटारवरून घेणार असेल, तर त्या क्षणी कोरस बंदच हवा. स्वराला टेकण्यासाठी स्थिर जागा लागते, आणि जो स्वर स्वतःच दहा-पंधरा सेंट खाली-वर होतो आहे, तो गळ्याला कुठे बोलावतो हे तिला कळत नाही. मींड किंवा बेंड घेतानाही हेच लागू आहे. ओढलेली तार नेमकी कोणत्या श्रुतीवर थांबली, हेच ज्याचे सौंदर्य आहे, तिथे कोरस ती जागा पुसून टाकतो.

खानदेशातल्या उन्हाचाही इथे संबंध आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी उघड्या मंडपात साउंडचेक करताना तारा सैल पडून उतरतात, आणि रात्री हवा थंडावली की त्याच तारा चढतात. कोरस चालू असला की चार-पाच सेंटचा बेसूर वादकाच्या स्वतःच्या कानाला लागत नाही, कारण पेडल त्याहून जास्त हलवत असते. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही, म्हणून श्रोत्यांना खटकते. ट्यूनर नेहमी पेडलांच्या साखळीत सर्वांत आधी ठेवावा, आणि कोरसच्या गाण्यापूर्वी न चुकता तारा जुळवून घ्याव्यात.

एवढे वाचून मी कोरसच्या विरोधात आहे असे वाटेल, पण तसे मुळीच नाही. एकच गिटार आणि गळा, किंवा गिटार, बासरी आणि तबला अशी मोकळी रचना असेल, तेव्हा संथ कोरसवर मोकळ्या स्वरांचे आर्पेजिओ जे वातावरण उभे करते, ते दुसऱ्या कोणत्याही पेडलने येत नाही. नव्वदच्या दशकातली हिंदी प्रेमगीते वाजवताना प्रस्तावनेतली क्लीन गिटार कोरसशिवाय वाजवली, तर ऐकणाऱ्याला काहीतरी राहून गेल्याची जाणीव होते. त्याच्या आठवणीत तो आवाज तसाच बसलेला आहे, आणि ऑर्केस्ट्राने त्या आठवणीचा मान ठेवायला हवा. चर्चमध्ये दोन कॉर्ड लांबवून प्रार्थना चालू असते, तिथेही तो शोभतो. बारा तारांच्या गिटारऐवजीही काही वादक कोरस लावतात. पण तिथे एक फरक समजून घ्यावा: बारा तारांच्या गिटारमध्ये खालच्या चार जोड्या एका सप्तकाच्या अंतराने आणि वरच्या दोनच जोड्या एकाच स्वरात लावलेल्या असतात. कोरस एकाच स्वराची जोडी देतो, वरचे सप्तक देत नाही. त्यामुळे ती चमक हवी असेल, तर वरच्या चार तारांवर कॉर्ड धरावा आणि जाड तारांना हात लावू नये. जाड तारांवर कोरस तसाही चिखल करतो. बॉसच्या सीएच-१ वर इफेक्टसाठी वेगळा ईक्यू, म्हणजे आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करण्याचा, नॉब आहे, तो याच कामी येतो.

नामवंत वादकांमध्येही एकमत नाही, आणि त्यांचे मतभेद शिकण्यासारखे आहेत. द पोलीस या बँडच्या अँडी समर्सचा आवाज कोरसचा आदर्श म्हणून सांगितला जातो, पण त्या काळात त्यांच्या पायाशी इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे इलेक्ट्रिक मिस्ट्रेस होते, म्हणजे फ्लँजर. तोच आवाज कोरस पेडलमधून काढण्याचा प्रयत्न करून निराश झालेले वादक मला भेटले आहेत. निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने स्मॉल क्लोन हे कोरस पेडल वापरले, ज्यावर एक नॉब आणि एक स्विच एवढेच आहे. त्यांच्या तीन जणांच्या बँडमध्ये गिटारला पसरायला जागा मोकळी होती, म्हणून तो ठळक कोरस तिथे उठून दिसला. सात-आठ वाद्यांच्या ऑर्केस्ट्रात ती जागा नसते. जॅझमधले पॅट मेथेनी यांनी वेगळीच वाट धरली: मधल्या अँपमधून मूळ आवाज, आणि दोन बाजूंच्या अँपमधून १४ व २६ मिलिसेकंदांच्या उशिराने येणारे, स्वराने अगदी नाममात्र हलणारे आवाज. त्यात विस्तार आहे पण डोलणे नाही, आणि मूळ स्वर मध्यभागी अबाधित राहतो. रोलँडने १९७९ मध्ये काढलेल्या डायमेन्शन डी या यंत्रामागेही हाच विचार होता: दोन उशिरांच्या वाटा एकमेकींच्या उलट हलवायच्या, म्हणजे एक चढते तेव्हा दुसरी उतरते आणि डोलणे जाणवत नाही. त्यावर नॉबच नव्हते, चार बटणे होती. ज्यांना कोरसची लाट नको आणि रुंदी हवी आहे, त्यांनी या जातीचे पेडल ऐकून पाहावे. तुमच्या मल्टिइफेक्टमध्येही असा एखादा प्रकार बहुधा असेल.

साखळीतल्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारे पेडल) आधी, कोरस नंतर, मग डिले आणि रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा देणारे). कोरस डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर हलणाऱ्या दोन स्वरांची एकमेकांत घर्षणे वाढतात आणि कॉर्ड खरखरीत होतो. मुद्दाम तसा आवाज हवा असलेले वादकही आहेत, पण लग्नाच्या मंचावर त्याचा उपयोग नाही. जोरदार डिस्टॉर्शनच्या ऱ्हिदमवर कोरस लावू नये. एकट्या लीडवर मात्र अगदी थोडा चालतो.

ॲनालॉग की डिजिटल, हा वाद मला दुय्यम वाटतो. सीई-२ सारख्या पेडलात १०२४ टप्प्यांची एमएन३००७ ही चिप असते. आवाजाचा नमुना एका सूक्ष्म धारित्राकडून पुढच्या धारित्राकडे सरकत सरकत बाहेर येतो, आणि चिपच्या घड्याळाची, म्हणजे नमुने पुढे सरकवणाऱ्या ठोक्यांची, गती ५० किलोहर्ट्झ असेल तर त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. या प्रवासात खरखर वाढू नये म्हणून वरच्या कंपनसंख्या गाळाव्या लागतात, त्यामुळे उशिराचा भाग थोडा मंद होतो आणि कानाला ऊबदार वाटतो. डिजिटल पेडलात तो भाग लख्ख राहतो, म्हणून तो जास्त काचेरी लागतो. पण डिजिटलमध्ये टोन किंवा हाय-कट थोडा खाली आणला, तर चाळीस फुटांवरच्या श्रोत्याला फरक सांगता येणार नाही.

आता पैशांचे. तुमच्याकडे मल्टिइफेक्ट आहेच, तर त्यातला कोरस वर सांगितल्याप्रमाणे मोनोत, कमी लेव्हलला लावून पुढच्या काही कार्यक्रमांत वाजवून पाहा, आणि नवी खरेदी आधी डिलेची करा. ऑर्केस्ट्रात डिले जवळजवळ प्रत्येक लीडला लागतो, कोरस एका रात्रीत तीन-चार गाण्यांना लागतो. पुढे स्वतंत्र कोरस घ्यावासा वाटला, तर इफेक्ट लेव्हलचा नॉब असलेलेच घ्या. मंचावर तोच सर्वांत उपयोगी नॉब आहे. जुने पेडल घेत असाल, तर गिटार न वाजवता, व्हॉल्यूम वाढवून आणि डेप्थ पूर्ण करून ऐका. लहरीबरोबर वर-खाली जाणारी बारीक शिट्टी ऐकू आली, तर आतल्या घड्याळाचा आवाज गळतो आहे, ते पेडल घेऊ नका. तीच शिट्टी स्वस्त अडॅप्टरमुळेही येते, म्हणून एकदा ९ व्होल्टची बॅटरी लावून खात्री करा. आणि अडॅप्टर पेडलावर लिहिलेलाच घ्या, बहुतेक पेडलांना तो ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण असलेला लागतो. उलटा लावला तर पेडल जाऊ शकते. बॅटरीवर चालवणार असाल, तर कार्यक्रम संपल्यावर इनपुटचा जॅक काढून ठेवायला विसरू नका, कारण तो आत असेपर्यंत पेडल बंद दिसले तरी बॅटरी उतरत राहते.